दोघांसाठी लहान कॅम्पर ट्रेलर: बेळगाव भागात घेणे कितपत व्यवहार्य आहे?

शहापूरकर (बेळगाव)

सर्वांना नमस्कार.

मी आणि माझी पत्नी लवकरच नोकरीतून निवृत्त होत आहोत. त्यानंतर उत्तर कर्नाटक, कारवारची किनारपट्टी, गोवा आणि दक्षिण महाराष्ट्र या टापूत सावकाश फिरावे, असा आमचा विचार आहे. लॉजवर उतरण्याचा दोघांनाही कंटाळा आहे. पत्नीला पथ्याचे जेवण लागते आणि मला पाठीच्या दुखण्यामुळे रोज वेगळ्या गादीवर झोपणे मानवत नाही. म्हणून मोटारीमागे ओढता येईल असा, आत दोन माणसे झोपतील आणि मागची फळी उघडली की स्वयंपाकाचा ओटा मिळेल असा लहान कॅम्पर ट्रेलर घ्यावा, असे मनात आहे. आमच्याकडे सात आसनी डिझेल गाडी आहे. आम्ही पाहिलेल्या ट्रेलरचे रिकामे वजन ५२० किलो आणि सामानासह कमाल वजन ७५० किलो आहे, असे विक्रेता सांगतो.

घाटात गाडीवर किती ताण येतो, आरटीओ आणि विम्याचे नियम काय आहेत आणि जुन्या वस्तीत राहणाऱ्याने ट्रेलर ठेवायचा कुठे, हे मला जाणून घ्यायचे आहे. (आमच्या गल्लीत रिक्षा आली तरी दारातल्या दुचाक्या बाजूला घ्याव्या लागतात.) पण ज्या जोडप्यांनी असा ट्रेलर प्रत्यक्ष वापरला आहे, त्यांना तो खरोखर उपयोगी पडला की नव्याची नवलाई संपल्यावर दारात उभा राहिला, हे कळले तर अधिक बरे होईल.

मलप्रभाकाठ (खानापूर)

नमस्कार. आम्ही दोघे नवरा-बायको गेली काही वर्षे असाच ट्रेलर वापरत आहोत, म्हणून आपल्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते.

एका ठिकाणी चार-पाच रात्री राहणाऱ्याला ट्रेलर फार उपयोगी पडतो. रोज गाव बदलणाऱ्याला त्याचा जाच होतो. ठिकाणावर पोहोचल्यावर ट्रेलर मागे घेऊन जागेवर लावणे, चाकांखाली ठोकळे देणे, तो गाडीपासून सोडवणे, पुढचे लहान चाक फिरवून पातळी साधणे, चार कोपऱ्यांचे पाय खाली सोडणे आणि वर कापडी छत ताणणे, या सगळ्यात तासभर सहज जातो. निघताना हेच सारे उलट्या क्रमाने करावे लागते. पण एकदा ट्रेलर उभा राहिला की गाडी मोकळी होते आणि खरी मजा तिथून पुढे असते. बदामीला आम्ही एका घरगुती निवासाच्या आवारात ट्रेलर लावतो आणि नुसती गाडी घेऊन एक दिवस ऐहोळे-पट्टदकल, एक दिवस महाकूट आणि बनशंकरी, एक दिवस काहीच नाही, असे राहतो. आमच्या खानापूर तालुक्यात कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा पट्टदकलच्या देवळांच्या पाठीमागून वाहताना दिसते, तेव्हा ह्यांना दरवेळी नव्याने कौतुक वाटते. याउलट कारवार, गोकर्ण, मुर्डेश्वर असे एकेक रात्रीचे मुक्काम ठरवले, तर दिवसाचा निम्मा वेळ बाजारपेठेच्या अरुंद रस्त्यांतून हे धूड बाहेर काढण्यात जातो. आपली फिरण्याची पद्धत कोणती, हे किमतीची चौकशी करण्याआधी ठरवावे, असे मला वाटते.

घाटांबद्दल सांगायचे, तर बेळगावहून खाली उतरणारा प्रत्येक रस्ता ट्रेलरला सारखा नाही. सावंतवाडीकडे जायचे असल्यास आम्ही आंबोलीचा घाट धरतो. तिलारीच्या घाटातून ट्रेलर नेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण तिथला उतार तीव्र आहे आणि वळणे इतकी आखूड आहेत की समोरून वाहन आले तर मागे सरकायलाही वाव उरत नाही. गोव्याकडे उतरणाऱ्या चोर्ला घाटातून कोरड्या दिवसांत पहाटे जाता येते, पण पावसाळ्यात धुक्यामुळे मागून येणाऱ्याला आपल्या गाडीमागे आणखी काही आहे हेच दिसत नाही, म्हणून त्या काळात आम्ही तो टाळतो. ज्या गिअरमध्ये आपण तो घाट चढलो असतो त्याच गिअरमध्ये तो उतरावा, हा जुन्या ट्रकवाल्यांचा नियम ट्रेलरला तंतोतंत लागू पडतो. सतत ब्रेकवर पाय ठेवून उतरले की तळापर्यंत पोहोचेतो ब्रेक तापून कमजोर होतात.

आमच्याकडे सरळ रस्त्यावर हे चालवतात आणि मागे घेण्याचे काम माझ्याकडे असते. हे मी चिकोडीकडच्या माझ्या माहेरी, साखर कारखान्याला ऊस घालणाऱ्या एका ट्रॅक्टरचालकाकडून शिकले. त्याने सांगितलेली युक्ती अशी, की स्टिअरिंगच्या वरच्या भागाला हात लावायचाच नाही. एक हात अगदी खाली, सहाच्या काट्यावर ठेवायचा आणि ट्रेलरची शेपूट ज्या बाजूला जायला हवी त्या बाजूला तो हात न्यायचा. लहान ट्रेलर लांब ट्रेलरपेक्षा पटकन मुडपतो, म्हणून हात बोटभरच हलवायचा आणि थांबून पाहायचे. कोन बिघडला तर मागेच रेटत न बसता गाडी पुढे घेऊन सरळ करायची. मोकळ्या खळ्यावर दोन दगड ठेवून दोघांनीही याचा सराव करावा, कारण एकालाच येत असेल तर दुसऱ्याचे खाणाखुणा करणे हेच भांडणाचे कारण होते.

आता जागा. आमचे अंगण मोठे आहे म्हणून आमचे निभते. आपल्या गल्लीत ट्रेलर येणार नाही हे उघड आहे. तो गावाबाहेर ठेवला, तर प्रत्येक वेळी गाद्या, भांडी आणि शिधा तिथे नेऊन भरावा लागेल, आणि हळूहळू त्याचाच कंटाळा येऊन जाणे कमी होईल.

उद्यमबाग_वेल्डर (बेळगाव)

माझा फॅब्रिकेशनचा व्यवसाय आहे आणि ट्रेलरची दुरुस्ती अधूनमधून आमच्याकडे येते. ताईंनी वापराविषयी लिहिलेच आहे, म्हणून मी वजनाविषयी आणि कागदपत्रांविषयी लिहितो.

विक्रेत्याचे आकडे खरे धरले, तर आपल्या हाती २३० किलो उरतात. ऐकायला हे पुष्कळ वाटते. पण घरच्या इन्व्हर्टरला असते तशी मोठी ट्यूब्युलर बॅटरी ठेवली तर तिचेच पन्नास-साठ किलो होतात. पाण्याची ६० लिटरची टाकी भरली की ६० किलो झाले. घरगुती सिलिंडरमध्ये गॅस १४.२ किलो असला तरी लोखंडासह त्याचे वजन तीस किलोच्या आसपास जाते. म्हणजे गादी, खुर्च्या, छत, भांडी आणि कपडे चढवण्यापूर्वीच निम्म्याहून अधिक भार संपला. म्हणून बॅटरी लिथियम-आयर्न-फॉस्फेटची घ्यावी (बारा व्होल्टची, १०० अँपिअर-तासांची बॅटरी साधारण बारा-तेरा किलोची असते), सिलिंडर ५ किलोचा ठेवावा आणि पाणी मुक्कामाच्या ठिकाणी भरावे. प्रवासाच्या पूर्ण तयारीनिशी ट्रेलर एकदा वजनकाट्यावर चढवावा; ऊस आणि वाळू तोलणारे काटे आपल्या भागात जागोजागी आहेत.

एकूण वजनाइतकेच महत्त्व त्याच्या वाटणीला आहे. ट्रेलरचे पुढचे टोक गाडीच्या हुकावर जितका दाब देते, त्याला आम्ही नोज वेट म्हणतो. तो दाब एकूण वजनाच्या पाच ते दहा टक्के असावा, म्हणजे ७०० किलोच्या ट्रेलरला ३५ ते ७० किलो. घरातला वजनकाटा जमिनीवर ठेवून, त्यावर लाकडाचा उभा ठोकळा देऊन ट्रेलरचे टोक त्यावर टेकवले की आकडा लगेच दिसतो. मात्र ट्रेलर समपातळीत असला पाहिजे. स्वयंपाकाचा ओटा मागे असल्यामुळे लोक पाणी, तांदूळ, सिलिंडर सगळे मागेच भरतात, नोज वेट कमी होतो आणि राष्ट्रीय महामार्गावर वेग वाढला की ट्रेलर डावी-उजवीकडे डुलू लागतो. तसे झाले तर जोरात ब्रेक दाबू नये, स्टिअरिंगने सावरायलाही जाऊ नये. ते सरळ धरून अॅक्सिलरेटरवरचा पाय अलगद काढावा.

ब्रेकचा प्रश्न विक्रेत्याला स्पष्ट विचारा. युरोपात ७५० किलोपर्यंतच्या ट्रेलरला स्वतःचा ब्रेक नसला तरी चालतो, आणि आपल्याकडेही या आकाराचे अनेक ट्रेलर बिनब्रेकचेच विकले जातात. पण आपल्याला घाटाशिवाय समुद्र दिसत नाही, हे लक्षात घेऊन ओव्हररन ब्रेक असलेलाच ट्रेलर घ्यावा, असा माझा आग्रह आहे. यात गाडीने ब्रेक मारला की मागचा ट्रेलर पुढे रेटला जातो, त्या रेट्याने कपलरचा (ट्रेलरच्या टोकाला असलेल्या, गाडीच्या हुकात अडकणाऱ्या जोडाचा) दांडा आत सरकतो आणि तोच दांडा ट्रेलरच्या चाकांचे ब्रेक ओढतो. विजेची भानगड नाही आणि कुठल्याही गॅरेजमध्ये दुरुस्त होतो. सुरक्षेच्या दोन साखळ्या कपलरखाली एकमेकींवर आडव्या घालाव्यात, म्हणजे हुक निसटला तरी टोक रस्त्यावर न आपटता साखळ्यांवर टेकते.

कागदपत्रांविषयी. मोटार वाहन कायदा, १९८८ मधल्या व्याख्येनुसार ट्रेलर हे स्वतंत्र मोटार वाहन आहे. म्हणजे त्याची नोंदणी वेगळी आणि तृतीय पक्ष विमाही वेगळा. गाडीच्या केए-२२ पासिंगवर ट्रेलर आपोआप चालतो, हा समज चुकीचा आहे. आगाऊ रक्कम देण्यापूर्वी चासी क्रमांक, उत्पादकाचे प्रमाणपत्र आणि मंजुरीची कागदपत्रे घेऊन आरटीओत दाखवावीत, आणि ट्रेलर जोडलेला असताना अपघात झाला तर गाडीचा विमा लागू राहतो का, हे विमा कंपनीकडून लेखी घ्यावे. आमच्याकडे ‘चासी तुम्ही करून द्या, वरचे आम्ही बघतो’ म्हणून लोक येतात. मी त्यांना परत पाठवतो, कारण आपल्याला शिनोळीला महाराष्ट्र लागतो आणि चोर्ल्याखाली गोवा, आणि प्रत्येक हद्दीवर कागद मागणारा माणूस वेगळा असतो.

निपाणीकर

मी थोडे विरोधात लिहितो, राग मानू नये. आम्ही असा ट्रेलर घेतला होता आणि विकला. कारण ट्रेलर वाईट होता असे मुळीच नाही; तो वर्षातले बहुतेक दिवस शेडमध्ये उभा असायचा आणि उभ्या ट्रेलरचा खर्च थांबत नाही. विमा भरावाच लागतो, टायर न झिजता उन्हाने तडकतात आणि पावसाळ्यात उंदीर वायरी खातात. एका टोलनाक्यावर आमच्या वाहनाचा प्रकार कोणता धरायचा, यावर मागे रांग लागेपर्यंत चर्चा चालली. गळीत हंगामात निपाणी, चिकोडी, संकेश्वर या पट्ट्यात संध्याकाळनंतर बिनदिव्यांच्या ऊस ट्रॉल्या रस्त्यावर असतात, त्यांना ओलांडताना आपल्या गाडीची लांबी विसरून चालत नाही. शिवाय फिरायला उत्तम महिने नेमके तेच.

दोघांच्याच प्रवासासाठी तेवढ्या पैशांत चांगल्या घरगुती निवासांत कितीतरी वर्षे राहता येईल. हौसेला मोल नसते हे मान्य, पण आधी कॅराव्हॅन भाड्याने घेऊन एक मुक्काम करून पाहावा. केरळ आणि महाराष्ट्र या दोन्ही राज्यांनी २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाची धोरणे आणली, त्यामुळे भाड्याने देणारे आता सापडतात.

शहापूरकर (बेळगाव)

सर्वांचे मनापासून आभार. निपाणीकरांचे म्हणणे पत्नीला पटले आहे आणि मला निम्मेच पटले आहे. जागेपुरते बोलायचे तर येळ्ळूरच्या वाटेवर माझ्या मेहुण्यांचे आवार आहे आणि तिथे पत्र्याखाली ट्रेलर ठेवायला त्यांची ना नाही. आमच्या घरून तिथे जायला फार वेळ लागत नाही.

ताई, पत्नीच्या वतीने काही विचारतो. शौचालयाची सोय आपण कशी करता? दोघेच असताना रात्री कुठे थांबणे सुरक्षित वाटते? आणि विजेवर आत काय काय चालते?

मलप्रभाकाठ (खानापूर)

वहिनींना नमस्कार सांगा. त्यांचे प्रश्न आमच्याही घरात झाले आहेत.

शौचालयासाठी आमच्याकडे खाली काढता येणारी टाकी असलेला सुटसुटीत कमोड आहे. तो शेजारच्या लहान उभ्या तंबूत ठेवतो आणि फक्त रात्रीपुरता वापरतो. दिवसा जिथे ट्रेलर लावला आहे तिथले शौचालय वापरायचे, असे आधीच बोलून ठेवतो. ती टाकी घरच्या किंवा निवासाच्या सेप्टिक टँकमध्येच रिकामी करावी. शेतात किंवा ओढ्यात ओतणारे लोक मी पाहिले आहेत, आणि मग पुढच्या ट्रेलरवाल्याला त्या गावात कोणी उभे करत नाही.

थांबण्याबाबत आमचा नियम असा आहे, की मालकाला तोंडी विचारल्याशिवाय कुठेही चाक टेकवायचे नाही. रस्त्याकडेला, धरणाच्या भिंतीजवळ, रिकाम्या माळावर आम्ही रात्र काढत नाही. घरगुती निवास, शेतघरे आणि आवार असलेली लहान हॉटेले यांना आदल्या दिवशी फोन करतो. पाणी, शौचालय आणि विजेचा एक पॉइंट मिळाला तर खोलीपेक्षा कमी पैशांत काम होते. बदामीकडे मला कन्नड बोलता येण्याचा फार फायदा झाला. घरधनिणीला ‘अक्का’ म्हणून आधी पाणी मागितले आणि मग जागा मागितली, तर सहसा नकार येत नाही, उलट सकाळी जोंधळ्याची गरम भाकरी आणि शेंगाचटणी घरातून येते. वहिनींच्या पथ्याच्या दृष्टीनेही ही सोय चांगली आहे. एवढेच, की जानेवारीच्या सुमारास बनशंकरीची जत्रा असते तेव्हा, आणि सौंदत्तीला यल्लम्माच्या पौर्णिमांना, त्या रस्त्यांना ट्रेलर घेऊन जाऊ नये.

जंगलाचा मात्र मोह धरू नका. आमच्या भीमगड अभयारण्यात काय किंवा दांडेलीकडच्या काळी व्याघ्र प्रकल्पात काय, आपल्या मनाने ट्रेलर लावून राहता येत नाही. गणेशगुडीच्या आसपास परवाना असलेली निवासस्थाने आहेत, त्यांच्या आवारात विचारावे.

विजेचा हिशेब सोपा आहे. १०० अँपिअर-तासांच्या लिथियम बॅटरीत साधारण सव्वा युनिट वीज मावते. छतावरचे १०० वॉटचे सौर पॅनेल हिवाळ्याच्या स्वच्छ उन्हात दिवसाला त्यातला तिसरा हिस्सा भरून देते. त्यावर दिवे, बारा व्होल्टचा पंखा आणि दोन मोबाइल आरामात चालतात. लहान फ्रीज लावला तर ऊन चांगले हवे. एसी मात्र त्या बॅटरीवर तासा-दीड तासात सगळे संपवतो, म्हणून त्याचा विचार सोडून नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच आपला मोसम मानावा. एप्रिलमध्ये बदामीच्या दगडांतून रात्रीही गरम झळ येत राहते.

गॅसबद्दल एक सांगते, कारण दिसायला ती लहान गोष्ट आहे. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळाला तर तो तळाशी साचतो. म्हणून ट्रेलरच्या तळाला झरोके हवेत, आणि थंडी वाजते म्हणून वर गाद्या अंथरताना ते बुजवू नयेत. आमचा सिलिंडर बाहेरच्या कप्प्यात असतो आणि शेगडी झोपायच्या भागात कधीही पेटत नाही. चालत्या ट्रेलरात कोणी बसायचे नाही, हे नातवंडांना पहिल्याच दिवशी सांगून ठेवावे.

पावसाळ्यात आम्ही तो बंद ठेवतो. गाद्या घरात आणतो आणि प्लास्टिक न गुंडाळता हवा खेळेल असे कापडी आच्छादन घालतो. प्लास्टिकखाली पंधरवड्यात पडद्यांवर बुरशी चढते. अॅक्सलखाली जॅक देऊन टायरवरचा भार कमी करतो. उंदरांचे निपाणीकरांनी लिहिले ते खरे आहे. वायरींचा प्लग जमिनीपासून वर टांगून ठेवला आणि आत धान्याचा एकही दाणा राहू दिला नाही, तर त्रास कमी होतो, संपत नाही.

उद्यमबाग_वेल्डर (बेळगाव)

ताईंच्या लिखाणात दोन गोष्टींची भर घालतो. टायरच्या बाजूवर चार आकड्यांचा शिक्का असतो. २३२४ असेल तर तो टायर २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. नवा ट्रेलर म्हणून जुने टायर गळ्यात पडू नयेत, यासाठी तो विक्रेत्यासमोरच वाचावा. आणि पहिल्या प्रवासात तासाभराने थांबून चाकाच्या मध्यभागी हाताची पालथी बाजू जवळ नेऊन पाहावी. ऊब चालते, पण चटका बसला तर बेअरिंग घट्ट बसले आहे किंवा ग्रीस कमी आहे, असे समजावे.

शहापूरकर, जागा मिळाली ही चांगली गोष्ट झाली, पण ट्रेलरच्या आधी गाडी पाहू. आपल्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये ट्रेलर ओढण्याविषयी एक परिच्छेद असतो. काही कंपन्या ब्रेकसह आणि ब्रेकशिवाय किती किलो ओढता येते ते वेगवेगळे देतात, तर काही ट्रेलर ओढूच नये असे सरळ छापतात, आणि तसे असेल तर मी हुक बसवून देणार नाही, कारण पुढे वॉरंटी आणि विमा दोन्ही अडकतात. दिव्यांची जोडणीही मागच्या लाइटची वायर सोलून करायची नाही, त्या मॉडेलचा तयार हार्नेस (प्लगसह वायरींचा जुडगा) मागवावा लागेल. मॅन्युअलमधल्या त्या पानाचा फोटो येथे टाका, मग हुक कोणता घ्यायचा ते सांगतो.